तळहाताएवढा संगणक

अंबरनाथ पूर्वेकडील आमच्या एका वाचकांनीं विचारिलें आहे कीं, त्यांची नववींतील पुतणी ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा लहान संगणक मागते. आजोबा म्हणतात, घरांत चार मोबाइल असतां आणखी हें कशाला. तेव्हां द्यावा कीं न द्यावा? हा प्रश्न आतां अनेक घरांत निघूं लागला आहे, आणि ह्या विषयाचा नाद असलेल्या हौशी मंडळींचे वादहि आमच्या कानीं नित्य येत असतात. म्हणून ह्या खेपेस त्याचाच परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. पत्त्यांच्या पानाएवढ्या एकाच पट्टीवर प्रोसेसर, स्मृति व सर्व जोडण्या बसविलेला हा पुरा संगणक होय. पडदा, कळफलक व वीजपुरवठा मात्र आपण जोडावयाचा. केंब्रिज विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकूं इच्छिणारीं मुलें कमी होत चाललीं, आणि जीं येत त्यांनाहि स्वतः उघडून, मोडून पाहिल्याचा अनुभव नसे, हें एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानांत आलें. त्या चिंतेंतून २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं पहिला बोर्ड ३५ डॉलरांस विक्रीस निघाला. २०१५ च्या नोव्हेंबरांत ५ डॉलरांचा ‘झीरो’ आला, आणि तो तर एका मासिकाच्या अंकाबरोबर वाचकांस फुकट मिळाला! मासिकें चालविणाऱ्यांस हेवा वाटावा अशीच ही गोष्ट.

सध्यांचा वाद मात्र निराळ्याच बोर्डावरून आहे. डिसेंबर २०२५ मध्यें ह्या घराण्यांतला १ गिगाबाइट स्मृतीचा ‘पाय ५’ ४५ डॉलरांस जाहीर झाला. ही स्वस्ताई एकटी आली नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं स्मृतीच्या चिपांना मोठी मागणी आल्यानें त्याच वेळीं अधिक स्मृतीच्या बोर्डांचे भाव चढविण्यांत आले. म्हणजे नवा बोर्ड स्वस्त खरा, पण त्याच्या पोटांत स्मृतीहि तेवढीच थोडी.

ह्यावर हौशी मंडळींत तीन तट पडले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, चाकांची गाडी चालविणें, हवामानाची नोंद ठेवणें, घरचीं छायाचित्रें सांठविणें ह्यांस १ गिगाबाइट पुरून उरतें. दुसरा म्हणतो, मुलानें महाजालावरील दोन-चार पानें एकदम उघडलीं कीं तें यंत्र गुदमरेल, मग उत्साह टिकावा कसा? तिसऱ्याचें म्हणणें असें कीं, तेवढ्याच पैशांत कचेरींतून निघालेला जुना लॅपटॉप अधिक काम देईल. तिघांचेंहि बोलणें आपापल्या जागीं खरें आहे. परंतु लॅपटॉपाला त्या बोर्डावरील ४० पिना नसतात. त्यांस दिवा, मोटर वा उष्णतामापक जोडून आपण लिहिलेल्या आज्ञेनें तो हलवितां येतो; आणि शिकणाऱ्या मुलांस खरा आनंद तेथेंच लाभतो.

याहून स्वस्त व कागदावर अधिक वेगवान असे परदेशी बोर्डहि बाजारांत आहेत. त्यांतील पुष्कळांस लागणारी प्रणाली वर्ष-दोन वर्षांत पोरकी होते. उलट २०१२ च्या पहिल्या ‘पाय’वर चालेल अशी नवी प्रणाली अजूनहि काढली जाते. अडलेल्या मुलास उत्तर देणारीं माणसें किती, हें वेगाच्या आंकड्यापेक्षां अधिक महत्त्वाचें. आपल्याकडेहि, पुण्यास मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’नें स्वदेशी ‘वेगा’ प्रोसेसर घडवून ‘एरीस’ बोर्ड काढले आहेत. ते अभिमानास्पद होत. पण त्यांतील ‘तेजस-३२’ चिपेंत स्मृति अवघी २५६ किलोबाइट. तो दिवे-मोटरी चालविणारा मायक्रोकंट्रोलर आहे, पडद्यावर चालणारा संगणक नव्हे. दोहोंची गल्लत करूं नये.

आतां खर्चाचें. बोर्डाच्या किमतीवर आयातीचा खर्च व कर चढतो. ‘पाय ५’ पूर्ण क्षमतेनें चालण्यास ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडाप्टर लागतो. शिवाय मेमरी कार्ड, बारीक तोंडाची एचडीएमआय केबल आणि आपल्या वैशाखांत पंखाहि हवा, कारण ८० अंशांच्या वर तापला कीं तो आपली गति आवरतो. लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वीं ही सर्व बेरीज कागदावर मांडावी. दुसरें, वीज अवचित गेल्यास कार्डावरील लिखाण बिघडतें. म्हणून कार्डाची एक प्रत नेहमीं वेगळी ठेवावी. तिसरें, त्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. त्यांवर ५ व्होल्ट दिल्यास बोर्ड जायबंदी होतो. घरच्या विजेच्या तारांना तर मुलांनीं हात लावूंच नये.

आजोबांच्या आक्षेपास आमचें उत्तर असें. मोबाइल वापरण्यासाठीं बनविलेला आहे, उघडण्यासाठीं नाहीं. तो बिघडला तर घरभर आरडाओरड होते, म्हणून मूल त्याच्याशीं प्रयोग करीत नाहीं. ह्या बोर्डावरील प्रणाली बिघडली तर कार्ड पुन्हां लिहून काढलें कीं झालें. निर्भयपणें चुकण्याची ही मुभा हेंच त्याचें खरें मोल होय. शिरूर तालुक्यांतील पाबळच्या विज्ञान आश्रमांत २००२ सालीं फॅब लॅब उभी राहिली, ती हातानें करून शिकण्याच्या ह्याच तत्त्वावर. आणि मुलीला हा नाद कशाला, असें कोणी म्हणेल तर त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या बोर्डांच्या हृदयस्थानीं असलेल्या ‘आर्म’ प्रोसेसरची मूळ आज्ञावली सोफी विल्सन ह्या विदुषीनें रचली.

तात्पर्य, घरांत दूरदर्शनचा पडदा व कळफलक असेल तर १ गिगाबाइटचा बोर्ड अवश्य घ्यावा. तो तिच्या नांवानें, तिच्या ताब्यांत द्यावा. अट एकच: तीन महिन्यांत तिनें घराच्या उपयोगाची एक वस्तु करून दाखवावी. गच्चीवरची टाकी भरत आली कीं वाजणारी घंटा झाली तरी चालेल. पाणी वाहून जाण्याचें थांबलें म्हणजे आजोबांचा कौलहि आपसूक मिळेल.