एका छताखाली, एका पंगतीत

विद्यापीठातील सांस्कृतिक विविधता हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः एक ठरावीक चित्र उभे राहते : स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ, निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख, लोकनृत्ये आणि मैदानात मांडलेले खाद्यपदार्थ. हे चित्र आनंददायक असले, तरी तेवढ्याने फारसे काही साधत नाही. एकमेकांचे नृत्य पाहून टाळ्या वाजवणारे विद्यार्थी कार्यक्रम संपला की पुन्हा आपापल्या गावच्या, आपापल्या भाषेच्या आणि पुष्कळदा आपापल्या जातीच्या सोबतीत परततात. निरनिराळी माणसे एका आवारात असणे ही केवळ सुरुवात होय. ती एकत्र काही करू लागतात, तेव्हाच त्यांच्यातील वेगळेपण शिक्षणाचा भाग बनते.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रोत्साहन दिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. ज्या मुलांना शहरात राहण्यास जागाच मिळत नव्हती, त्यांच्यासाठी शिक्षणाचे दार यामुळे उघडले. त्या काळात ही व्यवस्था आवश्यकच होती. तथापि दार उघडले, तरी प्रत्येकाची खोली वेगळीच राहिली.

याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकणाऱ्या भाऊराव पाटील यांचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रातून सांगितला जातो. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि परिणामी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. ती एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंगतीत जेवत आणि श्रमही बरोबरीने करीत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले. कर्मवीरांनी समतेवर केवळ व्याख्याने दिली नाहीत, तर मुलांच्या हाती एकच चूल सोपवली. ज्याच्या हातची भाकरी आपण रोज खातो, त्याला परका मानणे कठीण जाते, हे त्यांनी ओळखले होते.

मुक्त विद्यापीठातील विद्यार्थी येथे सहज म्हणेल, ‘आम्हाला ना वसतिगृह, ना पंगत. आमच्या घरी येते ते पुस्तक. मग या विषयाचा आमच्याशी काय संबंध?’ वस्तुतः संबंध सर्वांत निकटचा आहे. नेहमीच्या महाविद्यालयात एका वर्गातील मुले बहुधा एकाच वयाची असतात. आपल्या अभ्यासकेंद्रात मात्र पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, शेतकरी, निवृत्तीकडे झुकलेले लिपिक आणि लग्नानंतर अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतलेली गृहिणी एकाच बाकावर बसतात. वय, व्यवसाय, प्रदेश, जात आणि बोली यांचे इतके वैविध्य अन्य वर्गांत क्वचितच आढळेल. प्रश्न असा की, संपर्कसत्रात या वैविध्याचे आपण काय करतो?

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 मधील कादंबरी घ्या. तिच्यातील पात्रे वऱ्हाडी बोलतात. संपर्कसत्रात या कादंबरीवर चर्चा सुरू आहे, शब्दांचे अर्थ पुस्तकात शोधले जात आहेत, आणि ती भाषा घरी बोलणारी एखादी विद्यार्थिनी मागच्या बाकावर गप्प बसली आहे, अशी कल्पना करा. आपले बोलणे ‘शुद्ध’ नाही, लोक हसतील, ही भीती तिचे तोंड बंद ठेवते. जो शब्द तिने आपल्या आजीच्या तोंडून ऐकला, त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तिला वाटतच नाही. यात नुकसान केवळ तिचे नाही. संपूर्ण वर्गाचे आहे.

रोजच्या जेवणातील साधा शब्द पाहा. काही घरांत ज्याला पोळी म्हणतात, त्याला इतर अनेक घरांत चपाती म्हणतात आणि पोळी म्हणजे तेथे सणाची पुरणपोळी. या एका शब्दावरून बोलणाऱ्याचा प्रदेश, कधी जातही ओळखली जाते आणि त्यावरून त्याचे मोल ठरवले जाते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी या शब्दभेदाकडे हसण्याचा नव्हे, तर अभ्यासाचा विषय म्हणून पाहावयास हवे.

यावर एक आक्षेप संभवतो. उत्तरपत्रिका प्रमाण मराठीतच लिहावयाची असते. मग बोलींत वेळ का दवडावा? आक्षेपात तथ्य आहे. दूरदूरच्या वाचकांना परस्परांशी जोडणारी समान लेखनभाषा आवश्यकच असते आणि ती प्रत्येकाने कष्टपूर्वक आत्मसात केली पाहिजे. परंतु लिहिण्यासाठी प्रमाणभाषा शिकणे आणि बोलण्यासाठी आपल्या बोलीची लाज बाळगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शिक्षणाने द्यावी, दुसरी शिक्षणाने दूर करावी. नोकरी-संसार सांभाळून येणाऱ्यांकडे वेळ अल्प असतो, हेही खरे. म्हणूनच जी मोजकी सत्रे मिळतात, त्यांत केवळ टिपणे उतरवून घेणे परवडणारे नाही.

1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले. ज्ञान घरोघरी पोहोचले, हे मोठेच कार्य झाले. परंतु घराघरांत जे ज्ञान आहे — शेताचे, कारखान्याचे, जात्यावरच्या ओव्यांचे, बोलीतल्या शब्दांचे — ते विद्यापीठात येण्याचा मार्ग आपल्यासारख्या विद्यार्थ्यांमधूनच जातो. पुढील संपर्कसत्राला जाताना वहीबरोबर आपल्या घरचा एक शब्द, एक म्हण, एक अनुभव न्यावा. तो निःसंकोचपणे मांडावा आणि शेजारच्याचा तितक्याच आदराने ऐकावा. साताऱ्याच्या पंगतीत प्रत्येकाने स्वयंपाकाला हात लावला होता. आपल्या अभ्यासकेंद्रातही केवळ वाढून घेणारे असू नयेत.