फोटोतले लाल डोळे

आमच्या आक्काच्या नातीचे नामकरण टेंभुर्णीत झाले. कार्यक्रम संध्याकाळचा, खोलीत एकच बल्ब. डिजिटल कॅमेरा आमच्याकडे, म्हणून फोटोचे कामही आमच्याकडेच आले. दुसऱ्या दिवशी फोटो पाहिले, तर पाव्हण्यारावळ्यांपासून बाळापर्यंत सगळ्यांचे डोळे इंगळासारखे लाल! आक्का म्हणाली, "अरं, लेकराला नजर लागली का काय?"

नजरबिजर काही नसते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्लॅश इतक्या झटकन पडतो की बाहुलीला आकसायला वेळच मिळत नाही. उजेड थेट आत जातो. तिथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्याचा लाल रंग घेऊन तो आल्या वाटेने परततो. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, म्हणून तो नेमका फोटोत येतो.

उपाय बिनखर्ची आहेत. खोलीतले सगळे दिवे लावा. माणसांना लेन्सकडे न पाहता जरा बाजूला पाहायला सांगा. कॅमेऱ्यावर डोळ्याचे चिन्ह असेल तर ते निवडा. मग फ्लॅश आधी एकदा लुकलुकतो, बाहुली लहान होते आणि फोटो दुसऱ्या फ्लॅशला निघतो. फक्त पहिल्या उजेडालाच लोक "झाला, झाला" म्हणत उठतात, त्यांना थोपवावे लागते!

संगणकावरही लाल रंग पुसता येतो. पण लहान मुलांचा फोटो असेल तर पुसण्याआधी माता-भगिनींनी दोन्ही डोळे नीट पाहावेत. दोन्ही सारखे लाल असणे हे बरे लक्षण. एक लाल आणि दुसरा पांढरा चमकत असेल, आणि असे पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला लवकर दाखवा. कधी नुसता पाहण्याचा कोन तिरका असतो. कधी मोतीबिंदू निघतो. क्वचित डोळ्यातला कर्करोगही निघतो, तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. वेळीच कळला तर उपचार होतात, जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असे उपचार आहेत. जाताना तो फोटो बरोबर न्यावा, मूळचा, न पुसलेला.

बाळाचे दोन्ही डोळे सारखेच लाल आले होते. आक्काला समजावून सांगितले, तेव्हा तिने मुठीतले मीठ-मोहऱ्या परत डब्यात टाकल्या.