लंगडणं थांबलं, म्हणजे घोडा बरा झाला का?

दोस्तांनो, आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की वाटेत बेलवडीला गोल रिंगण होतं. तिथं धावणारा अश्व तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. पुढच्या वेळी त्याच्या पायाची गुडघ्याखालची नळी नीट बघा. केवढी बारीक! तिथं मांस जवळजवळ नाहीच. हाड, कातडी आणि मागच्या बाजूला दोरखंडासारखे चिवट पट्टे. त्यांतला एक म्हणजे अस्थिबंध, डॉक्टरांच्या भाषेत लिगामेंट. घोड्याच्या वजनातला शंभरातला साठ भाग पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव पळताना तर एकेका पायावर क्षणभर अंगाच्या दुपटीहून जास्त भार येतो. अशात पाय खड्ड्यात गेला, की त्या पट्ट्याचे धागे तुटतात.

रिंगणाच्या अश्वाची काळजी घ्यायला पुष्कळ माणसं असतात. पण आपल्या भागातलं खरं कष्टाचं घोडं म्हणजे भीमथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचं ते भीमथडी. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली, बरं का! धनगरांचं सगळं बिऱ्हाड, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, त्याच्या पाठीवर असतं. ते लंगडलं की बिऱ्हाड अडतं. मेंढरं तर थांबत नाहीत. मग काय करायचं?

ओझं तिथंच उतरवायचं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. डॉक्टर येईपर्यंत गार पाण्याची धार, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या दोन दिवसांत गरम तेलानं चोळू नका, सूज वाढते. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड थर हवा आणि ताण सगळीकडे सारखा हवा. चांगल्या पायालाही पट्टी बांधतात, कारण आता सगळा भार त्याच्यावर येणार.

कुणी म्हणेल, डाग द्या. जुन्या लोकांचा त्यावर फार विश्वास. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८३ साली तपासून सांगितलं, की डागण्यानं पट्टा लवकर जुळत नाही. पूर्वी घोडी बरी व्हायची ती बहुधा डागल्यावर मिळणाऱ्या लांबलचक विश्रांतीमुळं. मग नुसती विश्रांतीच द्या ना, चटका कशाला?

आता खरी गोम ऐका. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, लंगडणं थांबतं, घोडं खिंकाळून बाहेर जायला बघतं. घरच्यांना वाटतं, झालं बरं! पण आत पट्टा अजून कच्चाच असतो. त्याला रक्त कमी पोचतं, म्हणून तो अगदी सावकाश जुळतो. सहा महिने, कधी वर्षसुद्धा. या वेळी ओझं लादलं तर तो पुन्हा तुटतो, आणि दुसऱ्यांदा तुटलेला पट्टा सांधायला फार अवघड. सोनोग्राफी केली तर डॉक्टरांना आतले धागे दिसतात. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय पाठीवर काही ठेवायचं नाही. तोवर ओझं बाकीच्या घोड्यांवर वाटायचं, नाहीतर टेंपोत टाकायचं. पैसे जातात खरे, पण घोडं राहतं.

डॉक्टर ‘हो’ म्हणाले की हातात दोरी धरून सपाट, टणक जमिनीवर चालवायचं. आधी पाच-दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं जास्त. ढेकळातून नाही, उतारावर नाही, पळवायचं तर नावच नको! दोरी मोठ्या माणसानं धरायची. बसून राहणाऱ्या घोड्याला खुराकही कमी करा. कडबा, गवत चालेल. धान्य जास्त झालं तर पोट दुखतं, खूर सुजतात.

तुमच्यासाठी एक काम आहे. मोठं माणूस जवळ असताना, रोज सकाळी चालवण्याआधी, बाजूला उभं राहून (मागं कधीच नाही) दोन्ही नळ्यांवरून तळवा फिरवा. दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी चालवणं बंद आणि डॉक्टरांना निरोप. वहीत तारीख घालून लिहून ठेवा: गार की गरम, किती मिनिटं चाललं. डॉक्टर आले की ती वही आधी त्यांच्या हातात द्या.