अग्निशमन केंद्राचे अंतर आणि विम्याचा हप्ता

घराचा अथवा दुकानाचा आगीचा विमा उतरविताना कंपनी अनेक गोष्टी विचारते. इमारत पक्की आहे का, आत कोणता माल साठविला जातो, आग विझविण्याची साधने बसविली आहेत का. जवळचे अग्निशमन केंद्र किती अंतरावर आहे, तेथे बंब किती आहेत आणि त्यांना पाणी कोठून मिळते, हे मात्र सामान्य ग्राहकाला सहसा विचारले जात नाही. वस्तुतः आग एका खोलीत आटोपणार की सारी इमारत गिळणार, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नांच्या उत्तरावर ठरते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना निराळा अनुभव असेल. तेथे आयएसओ ही संस्था गावोगावच्या अग्निसंरक्षणाला १ ते १० अशी श्रेणी देते. १ सर्वोत्तम, १० म्हणजे मान्य संरक्षण नाहीच. मूळ १०० गुणांपैकी ५० अग्निशमन दलाला, ४० पाणीपुरवठ्याला आणि १० संकटकाळी येणारे दूरध्वनी हाताळण्याच्या व्यवस्थेला असतात. प्रतिबंधक कार्यासाठी साडेपाच गुण अधिकचे मिळतात. केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडे असलेले घर साधारणतः दहाव्या श्रेणीत जाते. अनेक विमा कंपन्या हप्ता ठरविताना ही श्रेणी विचारात घेतात. त्यामुळे नवा बंब घेण्याचा विषय नगरसभेत आला, की त्यातून हप्ता किती उतरेल हा प्रश्न नागरिकही विचारू शकतात.

आपल्याकडे २००६ अखेरपर्यंत आगीच्या विम्याचे दर टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीच्या दरपत्रकाने बांधलेले होते. दर मुख्यतः इमारतीच्या वापरावरून ठरे. आवारात नळखांब वा स्प्रिंकलर बसविल्यास सवलत मिळे. भूकंपासाठी मात्र देशाचे विभाग पाडलेले होते. म्हणजे जमिनीखालचा धोका भूगोलानुसार मोजला गेला, पण रस्त्यापलीकडचे अग्निशमन केंद्र हिशेबात आले नाही. १ जानेवारी २००७ पासून दर मुक्त झाले. पुढे २०१९ मध्ये जीआयसी रीने काही व्यवसायांसाठी किमान दर लागू केले, तेही वापरानुसारच. मोठ्या कारखान्याची पाहणी करणारा अभियंता केंद्राचे अंतर अहवालात नोंदवितो खरा, परंतु लहान दुकानदारापर्यंत ही दृष्टी पोहोचलेली नाही.

याचा परिणाम काय? संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय आहे. महाराष्ट्रात व गुजरातेत ही सेवा प्रामुख्याने पालिकांकडेच आहे. पालिकेने खर्च करून दल सुधारले, तर लाभ विमा कंपनीला दाव्यांच्या बचतीच्या रूपाने मिळतो; नागरिकाचा हप्ता तितकाच राहतो, आणि मतदाराला सुधारणा दिसतच नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य लाभ आहे, आणि ज्याचे मोल मिळत नाही ते नेहमी कमी प्रमाणात निर्माण होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कोलकात्याचे बागरी मार्केट अरुंद गल्ल्यांत अनेक दिवस जळत राहिले. अशा बाजारपेठा आपल्या प्रत्येक जुन्या शहरात आहेत.

काही जण सुचवितात की विमा कंपन्यांकडूनच अग्निशमनासाठी अधिभार घ्यावा. लंडनमध्ये १८६५ च्या कायद्याने असे केले होते : दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड. परंतु विमा उतरविणाऱ्याने भरावे आणि न उतरविणाऱ्याने फुकट संरक्षण घ्यावे, हा या पद्धतीचा दोष आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २००९ च्या वणव्यांनंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून २०१३ मध्ये हा भार विम्यावरून काढून सर्व मालमत्तांवर टाकला. आपल्याकडे बहुसंख्य घरे विम्याविना आहेत. येथे अधिभार लावल्यास विमा अधिकच दुर्मीळ होईल.

म्हणून माझ्या मते अधिभार नको, श्रेणी हवी. प्रत्येक शहराच्या अग्निशमन सेवेची ठराविक निकषांवर तपासणी व्हावी, निकाल प्रसिद्ध व्हावा आणि कंपन्यांनी लहान पॉलिसींच्या दरातही तो धरावा. यावर एक रास्त आक्षेप आहे : गरीब गावाला वाईट श्रेणी मिळेल आणि बंब नसलेल्याच दुकानदाराला हप्ता जास्त पडेल. त्यावर उपाय अनुदानाचा आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली आणि त्यातील ५०० कोटी सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले. अशा निधीचा मोठा वाटा सर्वात खालच्या श्रेणीतील गावांना आणि प्रोत्साहनाचा भाग श्रेणी सुधारणाऱ्यांना द्यावा. तोवर विमा खालच्या श्रेणीसाठी महाग न करता वरच्या श्रेणीसाठी स्वस्त करावा.

विमा नुकसान भरून देतो, माणूस परत देत नाही. ज्या बंबामुळे दावा कमी होतो, त्याच बंबामुळे जीवही वाचतो. हप्त्याच्या पावतीवर आपल्या गावाची श्रेणी छापलेली दिसू लागली, तर पालिकेच्या अर्थसंकल्पातील अग्निशमनाची ओळ वाचणारे नागरिकही वाढतील.