तायपानपेक्षा घोडा भारी

मुलं शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाली, की घरात दोन याद्या तयार होतात. एक गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीच्या डब्यांची. ती पुढे तिथल्या विमानतळावरचे अधिकारी तपासतात. दुसरी काळज्यांची; ती घरातली आजी तपासते. आमची भाची सिडनीला निघाली तेव्हा दुसरीच यादी लांबलचक होती. साप, कोळी, मगर, शार्क. 'अगं, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही,' अशी ताकीद माझ्या आईने नातीला दहा वेळा दिली.

पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी भाचीने फोटो पाठवला. खोलीच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी. घरमालक शांतपणे म्हणाला होता, 'हा हंट्समन. राहू दे त्याला, झुरळं खातो.' आईचा पहिला प्रश्न होता, 'भाडं देतो का तो?'

हंट्समन दिसायला राक्षस, स्वभावाने गरीब. माणसाला त्याच्यापासून फारसा धोका नाही. पण त्याला पाहून पाहुण्याची उडणारी तारांबळ हा ऑस्ट्रेलियन माणसाचा आवडता करमणुकीचा कार्यक्रम आहे. 'आमच्याकडे प्रत्येक प्राणी तुम्हाला मारायलाच टपलेला असतो,' हे ते अभिमानाने सांगतात. खरे प्राणी कमी पडले म्हणून त्यांनी एक खोटाही तयार केला आहे: ड्रॉप बेअर. हा म्हणे कोआलाचा मांसाहारी भाऊबंद. झाडावरून थेट पर्यटकाच्या डोक्यावर पडतो. उपाय? कानामागे व्हेजिमाइट चोपडायचं. व्हेजिमाइट म्हणजे यीस्टपासून केलेला काळा, खारट लेप, जो ते पावाला लावून खातात. गंमत म्हणजे सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने आपल्या संकेतस्थळावर या ड्रॉप बेअरची शास्त्रीय नावासह, गंभीर चेहऱ्याने माहिती दिली आहे. सरकारी खात्यांनाही विनोद कळतो, याचा हा दुर्मीळ पुरावा.

मॅगपाय हा काळापांढरा पक्षी मात्र खोटा नाही. तिथल्या वसंतात, म्हणजे साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून, घरट्यात पिल्लं असताना काही नर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर सूर मारतात. सायकलस्वारांवर त्यांचा विशेष राग. म्हणून लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधून साळिंदर होऊन फिरतात. हे पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे. म्हणजे एकदा वाकडं आलं, की ते तेवढ्यावर मिटत नाही.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण कोणाला किती घाबरायचं, हे ठरवायचं तर हिशेब मांडावा लागतो. तो ऑस्ट्रेलियातच मांडला गेला आहे. २००० ते २०१३ या काळात विषारी दंशाने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. एकूण मृत्यू ६४. त्यांत सापांचे २७ आणि मधमाश्या-गांधीलमाश्यांचेही २७. कोळ्याचा एकही नाही. याच काळात घोड्यांमुळे ७४ माणसं दगावली. कोणी पडून, कोणी लाथ बसून. सगळ्या विषारी प्राण्यांना एका पारड्यात घातलं, तरी घोडा भारी.

याच अभ्यासातला आणखी एक तपशील मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. साप चावून गेलेल्यांपैकी तीनचतुर्थांश माणसं निदान रुग्णालयापर्यंत पोहोचली होती. माशी चावून ज्यांना तीव्र ॲलर्जी झाली, त्यांच्यापैकी निम्मीही पोहोचली नाहीत. कारण उघड आहे. साप चावला की माणूस धावत सुटतो. मधमाशी चावली तर चुना लावतो, नाही तर बर्फ, आणि 'होईल बरं' म्हणतो. भीतीने जीव वाचवला, ओळखीने घात केला.

आता तायपानचं पाहा. मध्य ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या इनलँड तायपानचं विष प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत जगातल्या सापांमध्ये सर्वांत जहाल ठरलं आहे. पण त्याच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही. तो लाजाळू आहे, माणसांपासून दूर राहतो आणि त्याच्या विषावर औषध आहे. सिडनीच्या परिसरातल्या फनेल-वेब कोळ्याची गोष्टही अशीच. त्याच्या दंशाने १३ मृत्यू नोंदवले गेले होते. १९८१मध्ये प्रतिविष वापरात आलं आणि त्यानंतर एकही नाही. गोसफर्डजवळच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये लोक हे कोळी बरणीत पकडून आणून देतात. तिथे त्यांचं विष काढलं जातं. ते सशांना थोडं थोडं टोचून प्रतिविष तयार करतात. १८५९मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून दोन डझन ससे आणवले आणि त्यांच्या पिलावळीने पुढे अख्ख्या खंडाची शेतं-कुरणं कुरतडली. त्याच जातकुळीतल्या प्रयोगशाळेतल्या सशांनी फनेल-वेबपासून माणसं वाचवली. सापांच्या विषावरचं औषध बनतं ते घोड्यांपासून. मृत्यूच्या यादीत पहिला आणि औषधाच्या यादीतही पहिला!

थोडक्यात, ऑस्ट्रेलियन माणूस सापा-कोळ्यांची चेष्टा करू शकतो, कारण त्याने त्यांचा बंदोबस्त केला आहे. प्राणी मारून नव्हे, तयारी करून. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर जेलीफिशच्या दंशासाठी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. प्रथमोपचाराच्या वर्गात सर्पदंशावर पट्टी कशी बांधायची, ते शिकवतात. १९२८पासून 'फ्लाइंग डॉक्टर' विमानाने दूरच्या वस्त्यांवर पोहोचतात. या सगळ्याची बेरीज म्हणजे वर्षाला सर्पदंशाने सरासरी दोन मृत्यू.

आणि ज्या घरातून नातीला 'जपून राहा' म्हणून बजावलं गेलं, त्या आपल्या देशात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. आपली लोकसंख्या त्यांच्या पन्नास पट आहे, हे धरूनही दर शेकडो पटींनी जास्त. खरं तर काळजीचा फोन सिडनीहून इकडे यायला हवा.

आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस, फुरसं तायपानइतके जहाल नाहीत. मग फरक कुठे आहे? अनवाणी पायांत, अंधारात, जमिनीवरच्या अंथरुणात. दंश आणि दवाखाना यांच्यातल्या अंतरात. आणि ओळखीत. साप आपल्या रोजच्या पाहण्यातला. त्यामुळे 'बिनविषारी असेल', 'सकाळी बघू', 'आधी मांत्रिकाला दाखवू' यांत पहिले मोलाचे तास जातात. ऑस्ट्रेलियात जे मधमाशीच्या बाबतीत झालं, तेच आपल्याकडे सापाच्या बाबतीत होतं.

हे बदलत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. एके काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं पटापट जात. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नेमकं काय बिघडतं ते टिपलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून पाहिलं आणि मृत्यूचं प्रमाण कमालीचं खाली आणलं. विंचू होता तसाच आहे. बदलली ती तयारी. फनेल-वेबची गोष्ट आपणही लिहिली आहे, फक्त ती सापापर्यंत नेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२४मध्ये जाहीर केला. आराखडा चांगला आहे. पण प्रतिविषाची कुपी जिल्ह्याच्या गावी असून भागत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी आणि ती वापरण्याचं धाडस व प्रशिक्षण असलेला डॉक्टर रात्री दोन वाजता तिथे हवा. मते मागायला येणाऱ्यांना विचारण्याजोगा हा प्रश्न आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? पावसाळ्यात रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायांत बूट. जमिनीवर झोपायचं असेल, तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा दंश कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या तर तो सर्पदंश असू शकतो. दंश झालाच तर अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. हात किंवा पाय हाड मोडल्यावर ठेवतो तसा स्थिर ठेवा आणि १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. चिरा देऊ नका, विष चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

इंटरनेटवर पाहून ऑस्ट्रेलियन पद्धतीची घट्ट पट्टीही बांधू नका. त्यांच्याकडच्या सापांचं विष बहुतेक वेळा दंशाच्या जागी फारशी नासधूस करत नाही. पट्टीने ते शरीरात पसरायला वेळ लागतो. आपल्या घोणस-फुरशाचं विष जागेवरच मांस सडवतं. तिथे ते कोंडून ठेवणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी. उपायही त्या त्या मातीतला असावा लागतो.

यंदा भाची सुट्टीला आली ती ऐन जुलैत, आणि थेट आजीच्या गावी गेली. पहिल्याच रात्री तिने पाहिलं, की आजी अंधारात, अनवाणी, परसदारी निघाली आहे. 'आजी, चप्पल! आणि बॅटरी कुठाय?' आई म्हणाली, 'अगं, पन्नास वर्षं अशीच जातेय मी.' नात म्हणाली, 'तेच तर!' दुसऱ्या दिवशी ती बाजारातून बॅटरी घेऊन आली. आई आता ती उशाशी ठेवते. बूट घालण्याआधी झटकते की नाही, हे मात्र तिला कोणी विचारलेलं नाही. ते तिनेच शिकवलं होतं.