पक्षाघातानंतरच्या हातासाठी रोजचा एक तास : कुटुंबांना व ज्येष्ठ नागरिक संघांना जाहीर आवाहन

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडल्याने किंवा तेथे रक्तस्राव झाल्याने शरीराची एक बाजू लुळी पडते, त्यास पक्षाघात म्हणतात. रुग्णालयातून सुटी मिळाली की हा आजार संपत नाही, आणि घरी आल्यावर सर्वाधिक उपेक्षा वाट्याला येते ती हाताच्या. चालण्यावाचून गत्यंतर नसल्याने पायावर मेहनत घेतली जाते, हाताचे काम मात्र दुसऱ्या धडधाकट हाताने किंवा घरातल्या माणसांकडून उरकून घेता येते. दुबळ्या हाताचा प्रयत्न वारंवार फसतो, म्हणून रुग्ण तो सोडून देतो आणि परतलेली थोडीफार शक्तीही वापराविना वाया जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी या अवस्थेचा उलगडा अंगवळणी पडलेला न-वापर असा केला. सासूबाईंना घास भरवणारी सून किंवा वडिलांच्या सदऱ्याची बटणे लावणारा मुलगा मायेपोटीच तसे करतो, परंतु त्या मायेने हाताची उरलेली संधी हिरावली जाते, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

मेंदूचे शाबूत भाग गमावलेले काम काही प्रमाणात नव्याने शिकू शकतात, मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात मात्र उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी 32 इतक्याच आढळल्या. एवढी मोठी तफावत नुसत्या व्यायामाच्या कंटाळवाण्या पाढ्यांनी भरून निघणे कठीण असते, आणि खेळाचे महत्त्व येथेच आहे, कारण खेळणाऱ्याचे लक्ष डावावर असते व हालचाली मोजल्याविना होत राहतात. अमेरिकेत 124 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरी संगणकावरील खेळांतून व दूरस्थ मार्गदर्शनाखाली सराव करणाऱ्यांच्या हाताची सुधारणा उपचार केंद्रात जाऊन तितकाच सराव करणाऱ्यांच्या तोडीची ठरली.

यासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. कॅनडाच्या पुढाकाराने चार देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 141 रुग्णांपैकी काहींना व्हिडिओ गेम, तर काहींना पत्ते व डॉमिनोसारखे साधे खेळ दिले गेले. दोन्ही गटांची प्रगती सारखीच झाली. मराठी घरांत पत्ते, सोंगट्या, सागरगोटे आणि कॅरम आहेतच. कॅरमचा स्ट्रायकर टिचकीने मारताना बोटे उघडावी लागतात, आणि पक्षाघातानंतर आवळलेली मूठ उघडणे हीच बहुधा सर्वांत अवघड हालचाल असते.

तरीही केवळ कुटुंबाच्या भरवशावर राहणे पुरेसे नाही. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. म्हणून कोणता खेळ, किती वेळ आणि कोणत्या हालचालीसाठी, हे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी ठरवावे, व रुग्ण सुधारेल तसतसे ते बदलत न्यावे. लुळा हात धरून रुग्णाला ओढू वा उठवू नये, कारण त्याने खांद्याचा सांधा निखळू शकतो. खेळताना वेदना झाल्यास तेथेच थांबून तज्ज्ञांना कळवावे.

कुटुंबांनी रुग्णाच्या हातचे काम उरकून टाकण्याची घाई सोडावी, रोज एक तास त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून बसावे आणि त्याला मुद्दाम जिंकू देऊ नये. ज्येष्ठ नागरिक संघांनी व वाचनालयांनी अशा रुग्णांसाठी आठवड्यातील काही दुपारी एक टेबल राखून ठेवावे, विशेषतः जे घरी एकटे असतात त्यांच्यासाठी. आणि गृहनिर्माण संस्थांतील तरुणांनी, ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा शेजाऱ्यांना थेरपिस्टशी व्हिडिओ कॉल लावून द्यावा. आजाराला काही महिने उलटले म्हणून कोणी हात सोडून देऊ नये : 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत धडधाकट हात बांधून दुबळ्या हाताला कामाला लावण्यात आले, तेव्हा 3 ते 9 महिन्यांपूर्वी आघात झालेल्या रुग्णांचेही हात सुधारले.