रात्री तीनचं टेन्शन

रात्री तीन वाजता तुमचा फोन कुठे असतो? माझा उशीखाली असायचा. दर दहा मिनिटांनी बाहेर यायचा. मेल आला का? एचआरनं काही कळवलं का? रात्री तीनला एचआर झोपलेला असतो, हे कळायचं. पण वळायचं नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या ऑफिसात कॉस्ट कटिंग सुरू झालं. टीममधले दोघं एकाच शुक्रवारी गेले. तिसरा नंबर माझाच, असं माझ्या मनानं घेतलं. मग होम लोनचा हप्ता, बाबांची औषधं, धाकट्याची फी, सगळे डोक्यात फेर धरून नाचायला लागले. उपायही करून झाले. योगा क्लास लावला, झोपेचं अ‍ॅप घेतलं, लोणावळ्याला वीकेंड काढला. लोणावळ्यातही तीनला डोळे टक्क उघडे!

खरी गंमत पुढेच आहे. मी ख्रिश्चन घरातली मुलगी. थकल्याभागल्यांना येशू आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देऊ करतो, ते मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. त्याच्या बरोब्बर खाली वायफायचा राउटर. राउटरकडे मी दिवसातून दहा वेळा बघायचे. वचनाकडे? जाऊ दे!

नाताळला आजोळी गेले, नगर जिल्ह्यात. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही. आजोबांना सरळ विचारलं, "देवावर भरवसा ठेवला की विसावा मिळतो म्हणता, मग मला का नाही मिळत?"

"त्याच्या पुढचं वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. फ्रेममध्ये तेवढंच मावलं होतं. पुढे येशू लगेच आपलं जू मानेवर घ्यायला सांगतो. मी चक्रावलेच. म्हणजे सुट्टीचा अर्ज द्यावा आणि बॉसनं नवा प्रोजेक्ट हातात ठेवावा, तसंच की हे!

आजोबांचं सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. ते हसले. "पोरी, नव्या गोऱ्ह्याला एकटं जुंपत नाहीत. शेजारी मुरलेला बैल लागतो. वजन तो ओढतो, गोऱ्ह्यानं त्याच्या चालीनं चालायचं. गोऱ्हा लई ओढाताण करायला लागला, तर मान त्याचीच सोलते."

माझी मान सोललेलीच होती.

परतीच्या गाडीत दौंड ओलांडलं आणि केडगाव आलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. देव पुरवील, यावर त्यांचा भरवसा होता. पण म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. मुलींना वाचायला शिकवलं, शिवण, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात त्यांची अनेक वर्षं गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माझा रिपोर्ट दुसऱ्या कोणी सबमिट केला तरी मला झोप लागत नाही! त्यांनी मात्र आपल्या वाट्याचं काम केलं आणि बाकीचं त्याच्यावर सोडलं. भरवसा म्हणतात तो हा असणार.

आता तुम्ही विचाराल, मग नोकरी वाचली का? नाही. मार्चमध्ये माझंही नाव आलं.

पहिल्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या रात्री तीन वाजता उठून बसले आणि अगदी छोटी प्रार्थना केली. उद्याचे तीन फोन मी करते, बाकीचं वजन तू ओढ. बस्स. ना घंटा वाजली, ना प्रकाश पडला. पण डोळे उघडले तेव्हा सात वाजले होते. मग रोज रात्री तेच. उद्याचं माझं काम किती, ते ठरवायचं आणि उरलेलं त्याच्या हवाली करायचं.

अडीच महिन्यांनी नोकरी मिळाली. पगार जरा कमी आहे. चमत्कार वगैरे म्हणू नका, साठ अर्ज केले होते मी! हप्ता अजून आहे, बाबांची औषधंही आहेत. मानेवरचं जू गेलेलं नाही. फक्त शेजारी कोण चालतंय, ते आता कळलंय. येशू सोपं जू म्हणतो ते हेच असावं.

आणि हो, फोन हल्ली रात्री हॉलमध्येच असतो. चार्जिंगला, त्या फ्रेमखाली. आता फ्रेम मोठी करून घेणार आहे. पुढची ओळही मावली पाहिजे ना!